मामा बागेत जातात

“रोज सकाळी मामा बागेत जातात.” कार्डावरची शेवटची, सगळ्यात बारीक ओळ तिने एका दमात म्हटली आणि कार्ड टेबलावर उलटं ठेवलं. काम फत्ते.

डोळ्यांच्या डॉक्टरबाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. ही शर्टांच्या कारखान्यातली सामानाची खोली. आज दिवसभरापुरता त्या खोलीचा दवाखाना झाला होता.

कार्ड वाचणाऱ्या तिला कारखान्यात सगळे दुर्बीण म्हणत. तयार शर्ट तपासायचं टेबल तिचं. सुटलेला टाका, वाकडी कॉलर, कमी पडलेलं बटण, काही म्हणता काही तिच्या नजरेतून निसटत नसे. गेली दोन वर्षं मात्र दुर्बिणीचं काम बोटं करत होती. ती शिवणीवरून बोट फिरवी आणि चूक बोटाला लागे. दुपारनंतर कपाळ ठणकू लागे, मग ती एक गोळी घेई. हल्ली दोन. नवऱ्याचं निदान तयार होतं, मशीनच्या आवाजाने होतं, कानात कापूस घाल. महिनाभर तिने तोही घालून पाहिला. डोकं तसंच दुखत राहिलं, वर शेजारणींची बोलणी ऐकू येईनाशी झाली, तेव्हा तिने तो काढून टाकला.

चष्मा घेणं तिला परवडलं असतं. टेबल जाणं परवडलं नसतं. मागे बटणवालीला चष्मा लागला आणि पुढच्याच महिन्यात तिची रवानगी खोकी बांधायला झाली. तिथे पगार कमी आणि दिवसभर कंबर वाकलेली. “इथे पगार नजरेला मिळतो,” सुपरवायझर तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले होते.

म्हणून आज ती सकाळीच दाराशी येऊन उभी राहिली. लोक बिचकताहेत म्हटल्यावर सुपरवायझर स्वतः पहिले आत गेले. दाराला कापडाचे गठ्ठे टेकलेले, त्यामुळे दार काही लागेना. सुपरवायझरांचा आवाज तर असा, की सगळी मशीनं चालू असली तरी पार मागच्या भिंतीपर्यंत पोचावा. त्यांनी कार्डावरच्या पाचही ओळी खणखणीत वाचल्या. तिने तिथल्या तिथे पाठ केल्या. शाळेत एक कविता कधी धड पाठ झाली नव्हती.

“मावशी,” डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं, “बागेत बाबा जातात.”

“कोण जातं?”

“बाबा. सकाळपासून तुमच्यासकट अकरा जणांनी मामांना बागेत पाठवलंय. आणि मामा बनवलंत ते मला.”

तिला आधी हसू फुटलं. मग आकडा डोक्यात शिरला. अकरा जण. तिला वाटत होतं, कारखान्यात लपवाछपवी करणारी आपण एकटीच. मशीनच्या घरघरीत सगळ्यांनीच ‘बाबा’चं ‘मामा’ ऐकलं असणार.

डॉक्टरबाईंनी तिच्या नाकावर जड लोखंडी चौकट बसवली आणि भिंगं बदलत गेल्या. तिसऱ्या भिंगाला तिला स्वतःची बोटं दिसली. त्यांवरच्या रेषा, नखाजवळचा सुईचा जुना व्रण. मग तिची नजर स्वतःच्या बाहीवर गेली. तिथला एक टाका सुटला होता. किती दिवस सुटलेला होता, कोण जाणे. मग तिने डोकेदुखीचं आणि गोळ्यांचंही सांगून टाकलं.

“तुमचं डोकं ठणठणीत आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “रोजच्या गोळ्या पोटाला त्रास देतील, त्या थांबवा. ही चाळिशी आहे. ती सगळ्यांना लागते, तुम्ही तिला दोन वर्षं दाराबाहेर ताटकळत ठेवलंत. चष्मा करून घ्या, दिवा कपड्यावर पडेल असा जवळ ओढा, आणि अधूनमधून मान वर करून खिडकीबाहेर लांब बघत जा.”

“कागदावर नका लिहू, बाई. माझं टेबल जाईल.”

“कागद तुमच्याच हातात देते. दाखवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.”

चिठ्ठीची चौपदरी घडी करून ती बाहेर आली. कारखान्यात सगळ्या माना खाली होत्या. बटणांची भोकं शिवणारी काजेवाली कापड नाकाशी धरून काम करत होती. गेल्या आठवड्यात तिच्या बोटातून सुई आरपार गेली होती. लक्ष नव्हतं तिचं, असं सगळे म्हणाले होते. दुर्बीणही म्हणाली होती. आज सकाळी काजेवाली रांगेत तिच्या पुढेच होती, आणि तिचे ओठ सारखे पुटपुटत होते.

दुर्बीण आपल्या टेबलापाशी थांबली नाही. ती सरळ सुपरवायझरांसमोर जाऊन उभी राहिली.

“साहेब, मला जवळचं दिसत नाही. दोन वर्षं झाली.” तिने चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली. “टेबल काढून घ्यायचं तर घ्या. पण मी एकटी नाही, अकरा जण आहोत. उद्या आणखी कुणाचं बोट सुईखाली जाईल. चष्मे करू द्या सगळ्यांना.”

जवळची दोन मशीनं थांबली. मग तिसरं थांबलं. काजेवालीने मान वर केली.

“अकरा?” सुपरवायझरांनी विचारलं. “डॉक्टरबाईंना कसं कळलं?”

“आमच्या मूर्खपणामुळे. सकाळी तुम्ही वाचलंत, ते आम्ही बाहेर उभं राहून पाठ केलं.” तिने पदराने कपाळ पुसलं. “आणि तेही मेलं चुकीचं ऐकलं.”

सुपरवायझरांनी तिच्या चिठ्ठीकडे पाहिलं. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून तशीच एक चौपदरी चिठ्ठी काढली आणि तिच्या चिठ्ठीशेजारी ठेवली.

“चुकीचं नाही ऐकलंत, मावशी,” ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू येऊ शकतो, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. “मला तसंच दिसलं.”