झाकण

बाइंडिंगच्या कारखान्यात पानं जुळवायला आलेली नवी बाई डबा आणत नसे. जेवणाच्या सुट्टीत "मला दुपारची भूक नसते हो," म्हणत खिडकीपाशी जाऊन बसे. तिसऱ्या दिवशी शिलाईवाल्या मावशींनी आपल्या डब्याचं झाकण मधोमध ठेवलं, त्यात एक घास घातला आणि आमच्याकडे बघितलं. आम्हीही एकेक घास घातला.

"हे काय?" नव्या बाईने विचारलं.

"याला झाकण म्हणतात. नव्या माणसाने संपवायचं असतं. जुनी पद्धत आहे इथली, नाही पाळली तर मशीन बंद पडतं," मावशी म्हणाल्या.

ती निमूट जेवली. मग रोजच जेवू लागली.

महिन्याभराने कटिंगवाले काका आजारातून उठून कामावर आले. सवयीने अजूनही मधोमध ठेवलेलं झाकण बघून म्हणाले, "अख्खा जन्म गेला माझा या कारखान्यात. हे कधी निघालं?"

मावशींचा घास हातातच राहिला.

नवी बाई आता स्वतःचा डबा आणत होती. तिने एकदा आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, आपला पहिला घास झाकणात घातला आणि ते काकांपुढे सरकवलं.

"मी आले तेव्हा निघालं," ती म्हणाली. "आजारातून उठलेल्या माणसानेही संपवायचं असतं."