गोदूच्या हातची बीअर

“ही दारू हाय का करपलेली आंबील गो?” एक घोट घेऊन महिपतने तोंड वाकडं केलं, आणि गोदूला किती दिवसांनी हसू आलं. कल्याणच्या डॉक्टरांनी ‘आवडेल ते द्या’ म्हणून घरी पाठवल्यापासून नवऱ्याने कशाला नावंसुद्धा ठेवली नव्हती. पेज आणा, दूध आणा, तो आपला भिंतीकडे तोंड फिरवायचा. आणि येणारा-जाणारा त्याला धीर द्यायला म्हणायचा, “मळणीला तुमीच उभं राहायचंय हां!”

“राय नावाचं धान्य असतं बाबा, त्याची बीअर हाय,” पंकज म्हणाला. ठाण्याला बीअरच्या ज्या छोट्या कारखान्यात तो कामाला होता, तिथूनच त्याने बाटली आणली होती. “जाम स्ट्राँग हाय. बेतानं घ्या.”

“तू गप रे. घेऊ दे त्यांना,” गोदू लेकावरच खेकसली. तिने महिपतची मान हातावर तोलून धरली आणि पेला पुन्हा त्याच्या ओठांना लावला. अजून एक घोट पोटात जाऊ दे, देवा, एवढंच ती घोकत होती. उभ्या संसारात याच बाईने त्याच्या किती बाटल्या उकिरड्यावर नेऊन फोडल्या, त्याला गणती नव्हती.

महिपतने घोट गिळला. मग त्याने तिच्याकडे बघितलं.



“तू आपल्या हातानं दारू पाजतेस गोदू... म्हंजे मी आता वाचत नाय ना गो?”