वारा पडायची वाट

पवनचक्कीचा खांब उभा राहिला होता, फक्त लांबलचक पाती चढवायची बाकी होती. पण वारा पडल्याशिवाय क्रेनवाला पात्याला हात लावेना आणि पाती चढल्याशिवाय इंजिनिअर आजोबांना टेकडी सोडता येईना.

"आजोबा, उद्या माझं नाटक आहे. येणार ना तुम्ही?" नातीने फोनवर विचारले.

"वारा पडला तर येईन, बाळा. पातं म्हणजे केवढं तरी मोठं शीड. वाऱ्यात उचललं, तर क्रेनलाच ओढत नेईल."

"मग एवढ्या वाऱ्याच्या ठिकाणी पवनचक्की बांधायला सांगितलं कुणी?"

"आहे एक दीडशहाणा."

"त्याला चांगलं रागवा."

"सकाळपासून तेच चाललंय."

&nbsp;

'इथे वारा कधी पडतच नाही' असे छातीठोकपणे सांगून ही टेकडी आजोबांनीच निवडली होती.