उत्तरेची खिडकी

भीमरावांनी गच्चीवर खोली उभी केली, ती लेकीला खोटं पाडायला.

आम्रपालीला चित्रं काढायला घरावर स्टुडिओ हवा होता. त्याला एकच मोठी खिडकी, आणि तीही उत्तरेला. नाहीतर वाघोलीत भाड्यानं जागा घेते, असं तिनं सांगूनच टाकलं होतं. लेक घराबाहेर जाणं भीमरावांना नको होतं. आर्किटेक्ट आमोदनं नकाशा काढून दिला. पण चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाला कागदावरची खोली म्हणजे थट्टाच. त्यांनी मापं धरून गुडघाभर विटा नुसत्या रचल्या, बांबू बांधले, चहूबाजूंनी आणि वरून ताडपत्री ताणली. उत्तरेला तेवढी चार फूट मोकळी सोडली.

भर दुपारी लेकीला आणि आमोदला वर बोलावलं. "या, बघा तुमचा काळोख. उत्तरेकडून कुणाच्या घरात ऊन आलंय कधी?"

"ऊन नकोच आहे, बाबा. उजेड हवाय." आम्रपालीनं खालून एक चित्र आणून आतल्या बांबूला टेकवलं.

चित्र त्यांच्या रोजच्या बघण्यातलं. डोक्यावर घमेलं घेतलेली त्यांची बायको, सुंदराबाई. खाली ट्यूबलाइटमध्ये बघून 'बरं जमलंय' एवढंच ते म्हणाले होते.

आत ऊन नव्हतं, पण काळोखही नव्हता. सगळीकडे सारखा, शांत उजेड. त्यात सुंदराबाईंच्या भुवयांवरची धूळ दिसली. घमेल्याच्या काठावरची बोटं दिसली, सिमेंटनं खाल्लेली, टोकांना चिरलेली. अख्खा जन्म ही बाई त्यांच्या पुढ्यात घमेली ओतत आली, आणि त्यांची नजर कायम भिंतीला सोडलेल्या ओळंब्यावर. भीमराव थक्क होऊन बघत राहिले.

तेवढ्यात सुंदराबाई चहा घेऊन वर आल्या. कप घेताना भीमराव त्यांच्या बोटांकडेच बघत होते.

"काय बघताय? साखर घातलीय," त्या म्हणाल्या.

भीमरावांनी कप तसाच खाली ठेवला. उत्तरेकडच्या ताडपत्रीची दोरी सोडली आणि खिडकीच्या कडेच्या विटा एकेक करून उचलायला लागले.

"अहो काका, प्लॅनमध्ये चारच फूट आहे!" आमोद म्हणाला.

"प्लॅन बदला. चार फुटांत आम्रपालीची आई मावायची नाही."