पाहुण्यांच्या आवडीचं

सुक्या बोंबलांचा वास खालच्या जिन्यापर्यंत पोचला होता आणि नंदकुमार राजहंस नाकाला रुमाल लावून स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. आत चांगुणाबाई तव्यावर खारा बांगडा भाजत होत्या. दिवाळे गावच्या या बाई वाशीच्या त्या कॉलनीत दारोदार मासळी विकायच्या. राजहंसांचं दार तेवढं सोडून पुढे जायच्या. आज त्यांना मुद्दाम बोलावून आणलं होतं. नंदकुमारची बायको वैजयंती गॅलरीत जाऊन बसली होती. दोघांच्याही घराण्यांत आजवर कुणी मासळीला शिवलं नव्हतं.

पण वेळच तशी आली होती. चौऱ्याऐंशी साल होतं आणि हिंदी महासागरातल्या बेटाबेटांशी मैत्री जोडायची दिल्लीला घाई झाली होती. कुठे बोट सुरू कर, कुठे पंप पाठव, कुठे कांदा. अशाच एका बेटावर नंदकुमारच्या निमसरकारी ऑफिसचा एक माणूस कायमचा ठेवायचं ठरलं. त्यानं तिथले व्यापार सचिव मिस्टर बातिस्त यांच्या शेजारच्या खोलीत बसायचं, त्यामुळे माणूस कोणता हे त्यांनीच सांगावं, असंही ठरलं. त्यासाठी ते इकडे आले होते आणि आज राजहंसांकडे जेवणार होते. नावं दोनच होती. एक नंदकुमार आणि दुसरा सुभाष मोघे.

नंदकुमारला ती जागा हवीच होती. परदेशी पाहुण्यांच्या मागे फाइली घेऊन धावण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती, आणि वैजयंतीनं तर साताऱ्याला सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. घोडं अडलं होतं ते मासळीपाशी. ऑफिसचे मोठे साहेब त्या बेटावर दोन दिवस राहून आले होते आणि दोन दिवसांत माणसाला जेवढं कळतं त्याच्या दुप्पट सांगत होते. सुकी मासळी म्हणजे त्या लोकांचा जीव की प्राण, ती वाढली नाही तर पाहुणा अपमान समजतो, आणि यजमानानं बरोबर बसून खाल्ली नाही तर त्याहून मोठा अपमान. सुभाष मालवणचा, त्याला काय, बाराही महिने मासे. तुझं मात्र अवघड आहे राजहंस, असं म्हणून साहेब हसले होते. ते हसणं नंदकुमारच्या डोक्यात बसलं होतं.

"पयले चार घास जड जातील सायब, मंग काय नाय वाटनार," चांगुणाबाई म्हणाल्या आणि कालवणाचा टोप झाकून आपल्या वाटेनं निघून गेल्या.

बातिस्त आले. उंच, शांत, पिकल्या केसांचे गृहस्थ होते. दारातच क्षणभर थबकले, डोळे मिटून त्यांनी एक श्वास घेतला. नंदकुमारला वाटलं, चला, अर्धी लढाई जिंकली.

बोलणं इंग्रजीतून चाललं होतं. बोटी, बंदरं, दोन देशांचा जुना समुद्री शेजार, सगळं बोलून झालं. मग वैजयंतीनं श्वास रोखून पानं वाढली. बातिस्त यांनी कौतुकानं विचारलं, हे खास माझ्यासाठी केलंत का?

"छे, हे तर आमचं रोजचं जेवण," नंदकुमार म्हणाला. इतकं सफाईदार खोटं तो जन्मात बोलला नव्हता.

त्यानं पहिला घास घेतला. जिभेवर ते लिबलिबीत काहीतरी आलं. शिसारी अशी आली की डोळ्यांपुढे अंधारी यावी. तरी तो हसला. गिळला. समोर बातिस्तही सावकाश, डोळ्यांत पाणी येईस्तोवर मन लावून जेवत होते, मधूनमधून लिंबू पिळत होते, पाण्याचे तांबे रिकामे करत होते. पान साफ होताच वैजयंतीनं आपल्या पद्धतीप्रमाणे आग्रह केला आणि पुन्हा भरभरून वाढलं. त्यांनी नको म्हटलं नाही. उलट एक बांगडा उचलून प्रेमानं नंदकुमारच्या पानात ठेवला. आता तोही खाणं आलं. ज्या नोकरीसाठी माणसाला स्वतःच्या पानावर बसून अशी किळस गिळावी लागते, तिला मुत्सद्देगिरी म्हणतात हे त्याला त्या दिवशी कळलं. त्याला स्वतःचीही किळस आली. पण पान त्यानं चाटूनपुसून स्वच्छ केलं.

जेवणं झाली. वैजयंती भांडी घेऊन आत गेली. बातिस्त गॅलरीत येऊन उभे राहिले आणि खाडीवरची हवा त्यांनी छातीभरून घेतली. नंदकुमार कठड्याला धरून शेजारी उभा राहिला. तोंड उघडलं तर काय बाहेर येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून तो नुसता हसत होता.

"राजहंस, इतका अगत्यशील यजमान मी पाहिला नाही," बातिस्त हळूच म्हणाले, "म्हणून तुमच्याशी मोकळेपणानं बोलतो. तुमच्या साहेबांनाही बेटावर सारखी तीच मासळी वाढली होती, कारण इकडच्या किनाऱ्यावर पाहुण्याचा मान तोच असतो असं आमच्या लोकांनी ऐकलं होतं. मी मासळी वाळवणाऱ्याच्या झोपडीत वाढलो. त्या वासातून सुटायचं म्हणून तर शिकलो. माझ्या घरात ती येत नाही. आज तुमचा मान राखायला गिळली, पण शेजारच्या खोलीत तिचा डबा रोज उघडला जाणं मला सोसणार नाही. मोघ्यांना तर माशाशिवाय घास उतरत नाही म्हणतात, आणि तुमचं मी आज डोळ्यांनीच पाहिलं. राग मानू नका, पण तुमच्या ऑफिसात मासळीला अजिबात न शिवणारा कुणी आहे का?"