हिरव्या मोटारीचे दोष

“तिसरा गिअर सुटतो,” गुंडा म्हणाला. “रेडिएटर गळतो. चढ लागला की दम टाकते. आन् तेल तर लय पिते.”

आप्पासो बॉनेटवर हात ठेवून ऐकत होता. सांगलीत जुन्या मोटारी घेण्या-विकण्याचा धंदा करून त्याला बारा वर्षं झाली होती. विकायला आणलेल्या गाडीचे दोष तिच्याच ड्रायव्हरनं पुढं होऊन सांगितल्याचं त्याला आठवत नव्हतं. आणि गुंडा सांगत होता तेही खाली मान घालून.

गाडीचे मालक लालासाहेब, कडेगावचे ऊसवाले, पुढच्या सीटवर बसून होते. मागं पदर सावरून त्यांची बायको साळूबाई. दोघंही खाली उतरली नव्हती. मार्गशीर्षातलं धुकं अजून कृष्णेवरून उठलं नव्हतं आणि त्यात ती हिरवी मोटार अर्धी पुसल्यासारखी दिसत होती.

“लालासाहेब, तुमचं काय म्हणणं?”

“मला त्यातलं कळत न्हाई,” ते काचेतून समोर बघत म्हणाले. “पोरगं चालवायचं, मी शेजारी बसायचो. गुंडा सांगतो तेच खरं धरा.”

पोरगं म्हणजे अर्जुना. लढाई सुरू व्हायच्या आधी त्यानंच ही मोटार साताऱ्याहून आणली होती. मग तो पलटणीत गेला, आणि चव्वेचाळीस साली इटलीत लढताना पडला. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली होती.

आप्पासोनं गुंडाकडं नीट पाहिलं. हा डाव त्याच्या ओळखीचा होता. गाडी मालकाच्या मनातून उतरवायची आणि मग कुणा पाव्हण्याच्या नावावर स्वतःच मातीमोलानं घ्यायची.

एके काळी आप्पासोही असलं करायचा. आटपाडीच्या बिराप्पाला त्यानं खडखडणारी गाडी विकली होती, गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा भरून. भुशानं आवाज दबतो, पण थोडेच दिवस. महिन्याभरानं बिराप्पा आला. भांडला नाही. मूठभर तेलकट भुसा त्यानं आप्पासोच्या तळहातावर ठेवला आणि चालू लागला. त्या दिवसापासून आप्पासो गाडीबद्दल खोटं बोलला नव्हता, आणि आपल्या आवारात कुणाला बोलू देत नव्हता.

“मी एक चक्कर मारून बघतो,” तो म्हणाला.

“मी येतो की संगं,” गुंडा घाईनं पुढं आला.

“तू हितंच थांब.”

गाडी पहिल्याच हिसक्याला सुरू झाली. आयर्विन पुलावर आली तेव्हा खाली पाणी दिसत नव्हतं, पुढं रस्ता दिसत नव्हता. तिसरा गिअर लोण्यातून सुरी जावी तसा पडला. इंजिनचा आवाज इतका एकसारखा होता की थोड्या वेळानं तो ऐकूच येईना. आपण तिघं फार वर्षांपूर्वी कुठून तरी निघालो आहोत आणि कुठंही पोचायची घाई नाही, असं आप्पासोला वाटून गेलं. शेजारी लालासाहेबांनी डोळे मिटले होते. त्यांची बोटं दारावर हळूहळू ठेका धरत होती.

पलीकडं जाऊन आप्पासो गाडी वळवू लागला.

“अजून जरा पुढं घ्या,” लालासाहेब डोळे न उघडता म्हणाले.

त्यानं घेतली. दोन्ही बाजूंना ऊस होता. कुठल्याशा गुऱ्हाळाचा गोड धूर धुक्यात मिसळला होता.

“अजून जरा.”

दोन मैल गेल्यावर आप्पासोनं गाडी थांबवली, उतरून रेडिएटरखाली हात फिरवला. हात कोरडा निघाला.

“लालासाहेब, स्पष्ट बोलतो. तुमचा ड्रायव्हर तुमाला फसवतोय. ह्या गाडीत एकबी दोष न्हाई.”

“नीट बघा. जुनी हाय ती.”

“लेकराच्या मायेनं सांभाळलीया कुणीतरी. दुसरा असता तर गप बसून भंगाराच्या भावात घेतली असती. मी पुरा भाव देतो.”

मागून साळूबाई बोलल्या.

“मग घ्या की बाबा. आत्ताच घ्या.” त्यांनी पुढच्या सीटची पाठ धरली. “वेशीत हिचा हॉर्न वाजला की मी तव्यावरची भाकरी टाकून दारात पळती. आन् गुंडा उतरतो. दोन वर्सं झाली. किती येळा पळू? यमाईम्होरं ह्यांच्याकडनं कबूल करून घेतलंय मी, गाडीला गिऱ्हाईक मिळालं की द्यायची.”

“आवं, पण...” लालासाहेब म्हणाले, आणि तिथंच थांबले.

“देवमाणूस भेटला तुमी,” साळूबाई आप्पासोला म्हणाल्या. “न्हाईतर त्या गुंडाच्या नादानं परत घरी न्यावी लागली असती.”

आवारात येऊन कागद झाले. लालासाहेबांनी सही केली. ती करायला त्यांना फार वेळ लागला. गुंडा नळापाशी उकिडवा बसला होता. त्यानं एकदाच मालकाकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. ते पाहून आप्पासोला बरं वाटलं. चोर पकडला होता, म्हाताऱ्यांचं नुकसान टळलं होतं. खरं बोलल्याचं एवढं समाधान त्याला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

साळूबाई टांग्यात बसल्या. लालासाहेब चार पावलं गेले आणि एकटेच माघारी आले. आभार मानायला आले असतील म्हणून आप्पासो उठून उभा राहिला.

“त्या गुंडाला आजच काढून टाका,” तो म्हणाला. “असल्याला घरात ठेवू नये.”

लालासाहेबांनी मोटारीच्या दारावर हात ठेवला. टांग्यापर्यंत आवाज जाऊ नये अशा बेतानं ते म्हणाले,

“त्याला काय बोलू नका. बिचाऱ्याच्या तोंडात खोटं बसंना. चार दिस मळ्यात बसवून मीच त्याच्याकडनं घोकवून घेतलं हुतं.”