डावीकडची टेकडी

“थांबव, थांबव. पाटी आहे,” बाबा म्हणाले.

तिनं करकचून ब्रेक दाबला. सकाळपासूनची ही सहावी पाटी. दोन किल्ले, एक पडका राजवाडा, एक दगडी पूल आणि कुठल्याशा सरदाराचा घोडा जिथे पाणी प्यायला ती विहीर, एवढ्या सगळ्यांच्या पाट्या बाबांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढल्या होत्या. नुसत्या वाचल्या असत्या तरी चाललं असतं. पण प्रत्येक पाटीत त्यांना एक तरी चूक सापडत होती. परका देश, भाड्याची गाडी, उलट्या बाजूचं स्टिअरिंग, मागे हॉर्न वाजवणारा ट्रॅक्टर आणि शेजारी इतिहासाचे निवृत्त मास्तर. तिच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

“पाटी लिहिणाऱ्याला बिचाऱ्याला काय माहीत तुम्ही येणार आहात,” आई मागच्या सीटवरून म्हणाली.

बाबा मात्र घाईघाईनं उतरले. ही पाटी त्यांच्या लढाईची होती. बाकीचं सगळं वाटेत लागलं म्हणून बघितलेलं. ते आले होते ते या जागेसाठी. बत्तीस वर्षं दर साली नववीच्या वर्गात त्यांनी ही लढाई फळ्यावर काढून शिकवली होती. नदीकडे तोंड करून सैन्य उभं, डावीकडे टेकडी, टेकडीनंच लढाई जिंकली. हे आईसुद्धा झोपेत म्हणून दाखवू शकली असती.

रणांगण म्हणजे एक कुरण निघालं. तारेचं कुंपण, चार गाई, समोर नदी. बाबांनी शर्ट नीट खोचला, सैन्यासारखे नदीकडे तोंड करून उभे राहिले आणि डावीकडे बघितलं. डावीकडे नजर जाईल तिथवर सपाट माळ होता. टेकडी होती, चांगली भक्कम होती, पण उजवीकडे.

“पाटी चुकीच्या जागी लावलीय,” बाबा म्हणाले.

“आणि टेकडी?” आईनं विचारलं.

“पलीकडच्या काठावरून बघायला हवं. गाडी काढ.”

“बाबा, पूल पंधरा किलोमीटर खाली आहे! तिकडून परत पंधरा वर. सहाला गाडी द्यायचीय. त्या टेकडीला काय सोनं लागलंय?”

“काढ म्हणतो ना.”

तिनं दाणकन दार लावलं आणि गाडी काढली. नववीत तीही बाबांच्याच वर्गात होती. वर्गात ‘सर’ म्हणायचं, ‘बाबा’ म्हणायचं नाही. वाचनालयातलं जाडं पुस्तक बघून तिनं टेकडी उजवीकडे काढली, तर सरांनी तिला सगळ्यांसमोर फळ्याकडे तोंड करून उभं केलं होतं. आठवलं की अजूनही तिचे कान तापायचे. इतक्या वर्षांत तिनं कधी विषय काढला नव्हता. आज टेकडी स्वतः साक्षीला उभी होती, आणि हा माणूस तिलाच वळसा घालायला निघाला होता.

पलीकडच्या काठावरून टेकडी डावीकडे दिसत होती.

“बघ!” बाबांचा चेहरा उजळला. “आहे की नाही डावीकडे?”

“आहे. तुमचंच बरोबर. झालं समाधान?”

“आता नीट बघ. टेकडी तिथे, आणि सैन्य...” बाबांनी सैन्य दाखवायला हात उचलला. तो नदी ओलांडून थेट त्या चार गाईंवर गेला आणि तसाच राहिला.

“सैन्य त्या काठावर होतं,” ते म्हणाले. हात खाली आला. “नोकरीच्या पहिल्या वर्षी ट्रेसिंग पेपरवर उतरवला होता नकाशा. पुठ्ठ्यावर उलटा चिकटवला असणार. नावं नंतर लिहिली, म्हणून कळलंच नाही; त्यावरूनच फळ्यावर काढत आलो. बत्तीस वर्षं उलटीच लढाई शिकवली मी.”

ते तिच्याकडे वळले.

“तू उजवीकडे काढली होतीस.”

“हो.”

“किती वेळ उभं केलं होतं तुला?”

“तास संपेपर्यंत.”

या क्षणासाठी तिनं वर्षानुवर्षं वाक्यं तयार ठेवली होती, चांगली झोंबणारी. ती तशीच ठेवून तिनं गाडीचं दार उघडलं. आईनं काच खाली करून मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं.

“चला बाबा,” ती म्हणाली. “बसा गाडीत. उशीर होतोय.”

बाबांनी हात मागे बांधले आणि टेकडीकडे तोंड करून ते सरळ उभे राहिले.

“थांब,” ते म्हणाले. “तास संपू दे.”